अतिशहाण्याचा बैल

मराठी भाषेने एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी बांधून ठेवल्या आहेत. तो शब्द म्हणजे 'शहाणा'. ज्याला गणित चटकन सुटते, ज्याला समोरच्याचा डाव आधी ओळखता येतो, तो शहाणा. आणि आई मुलाला 'शहाण्यासारखा वाग' म्हणते, तेव्हा तिला त्याच्या गणिताची मुळीच काळजी नसते. धाकट्याला खाऊतला वाटा द्यावा, पाहुण्यांपुढे हट्ट करू नये, चार पोरांत खेळताना रडीचा डाव खेळू नये, एवढेच तिच्या मनात असते. म्हणजे विचार करण्याची शक्ती आणि चौघांत मिळून वागण्याची रीत ही दोन्ही आपण एकाच शब्दाच्या पोटी घातली आहेत. परंतु त्याच भाषेने पुढे 'दीडशहाणा' व 'अतिशहाणा' हेही शब्द घडविले, आणि अतिशहाण्याचा बैल रिकामा ठेवला. स्वतः मांडलेल्या समीकरणाविषयी भाषेलाच संशय आला असावा.

हा संशय मला प्रथम जाणवला तो ग्रंथात नव्हे, नळावर.

१९८३ साली मी नोकरीनिमित्त उत्तरेकडील एका शहरात होतो. सरकारी वसाहतीतील आमच्या इमारतीला तीन जिने, चार मजले आणि चोवीस बिऱ्हाडे होती. पंजाबी, बंगाली, तमिळ, ओडिया अशी सर्व प्रांतांची माणसे; मराठी घर आमचे एकच. घरे श्रेणीनुसार काटेकोर वाटलेली नव्हती, त्यामुळे उपसचिवाच्या डोक्यावर लघुलेखक राहत असे. पाणी पहाटे साडेपाच ते साडेसहा एवढाच वेळ येई. उन्हाळा चढू लागला तसा नळाचा जोर घटू लागला. त्या काळी तिकडे 'टुल्लू' या नावाने ओळखला जाणारा एक छोटासा विजेचा पंप बाजारात सहज मिळे. तो नळाला जोडला, की रस्त्याखालच्या मुख्य नळातले पाणी आपल्या घराकडे ओढले जाई. असा पंप लावणे नियमाविरुद्ध होते. आमच्या इमारतीत तो पहिल्याने मी लावला.

अविचाराने लावला असे मात्र कोणी समजू नये. मी रीतसर विचार केला होता. शेजाऱ्यांनी पंप लावले नाहीत, तर मला तो लावल्याने भरपूर पाणी मिळेल. त्यांनी लावले, तर मी न लावल्यास माझी बादली कोरडी राहील. म्हणजे शेजारी काहीही करोत, मी पंप लावणे हेच मला हिताचे. या तर्कात मला आजही चूक सापडत नाही. दुर्दैवाने तो तर्क इतरांनाही येत होता. तीन-चार आठवड्यांत चोवीसांपैकी एकोणीस घरांत पंप घुरघुरू लागले, आणि पाणी पुन्हा पहिल्याइतकेच झाले. फक्त विजेचे देयक वाढले आणि वरच्या मजल्यावरील ज्या घरांनी पंप घेतला नव्हता त्यांना खाली उतरून बादल्या वाहाव्या लागल्या.

एवढ्यावर भागले असते तर ही गोष्ट विनोदाने सांगता आली असती. पण जमिनीखालचा नळ जुना होता. बरेच पंप एकदम ओढू लागले, की नळातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि सांध्यांच्या फटींतून भोवतालचे घाण पाणी आत शिरते. जूनमध्ये तळमजल्यावरील एका मुलास कावीळ झाली. पाठोपाठ आणखी दोघांस. मुले बरी झाली, परंतु पहिल्या मुलाचे शाळेचे वर्ष बुडाले. ती कावीळ पंपांमुळेच झाली असे सिद्ध करता येणार नाही. आणि हे 'सिद्ध करता येणार नाही' मी त्या दिवसांत घरी आणि बाहेर किती वेळा उच्चारले, ते आठवले की संकोच वाटतो.

या प्रश्नावर तीन सभा झाल्या. सभेत एक अभियंता होते, एक वित्त विभागातील गृहस्थ होते, एक कायद्याचे पदवीधर होते, मी लेखापरीक्षणातला. बहुतेक सारे आपापल्या गावच्या शाळेत पहिले आलेले, स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेले. अभियंत्यांनी नळाच्या व्यासाचा प्रश्न काढला. कायदेपंडितांनी नियमातील 'जोडणी' या शब्दाचा अर्थ विशद केला. मी एक दोन पानी टिपण लिहून नेले. सर्वांनी एकाच वेळी पंप काढल्याखेरीज एकट्याने तो काढणे निष्फळ आहे, आणि सर्वांनी एकाच वेळी काढल्याची हमी देणारे कोणी नाही, असा त्याचा आशय होता. टिपण चांगले उतरले होते. त्याची प्रशंसाही झाली. पंप जागच्या जागी राहिले.

माझे टिपण नवे नव्हते, हे मला पुष्कळ पुढे कळले. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १७४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या नीतिविषयक भागात दोन शेजारी शेतकऱ्यांचा दाखला दिला आहे. एकाचे पीक आज कापणीला आले, दुसऱ्याचे उद्या येणार. आज दुसऱ्याने पहिल्याला हात द्यावा आणि उद्या पहिल्याने दुसऱ्याला, यात दोघांचेही हित आहे. पण आपले काम उरकल्यावर हा उद्या येईल कशावरून, असा विचार करून दुसरा आज जात नाही. आणि मग तो उद्याही जात नाही. दोघांचेही धान्य शेतात पडून वाया जाते. यात कोणीही दुष्ट नाही, आणि मूर्ख तर नाहीच.

आपल्याकडच्या कुणब्याने ह्यूम वाचला नव्हता, पण त्याने या पेचावर तोड काढली होती. तिचे नाव सावड. ज्याच्याकडे एकच बैल, त्याने दुसऱ्या एकबैली शेतकऱ्याशी जोड जमवावी. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. अतिशहाण्याच्या बैलाच्या म्हणीचा मला लागणारा अर्थ या सावडीशी जोडलेला आहे. तो गृहस्थ आळशी नव्हता. आपला बैल दुसऱ्याच्या रानात किती तास राबला, त्याने वैरण किती खाल्ली, समोरच्याचा बैल म्हातारा की तरणा, याचे गणित तो मांडीत बसला असावा. गणित संपेपर्यंत वाफसा निघून गेला, आणि एकट्या बैलाने नांगर ओढता येत नाही.

विसाव्या शतकात या जुन्या पेचाला गणिती रूप मिळाले. १९५० साली अमेरिकेतील रँड या संस्थेत मेरिल फ्लड व मेल्विन ड्रेशर यांनी एक खेळ रचला, आणि अल्बर्ट टकर या गणितज्ञाने त्यास दोन कैद्यांची गोष्ट जोडून दिली. वेगवेगळ्या कोठड्यांतील दोन कैद्यांपैकी प्रत्येकाने दुसऱ्याविरुद्ध साक्ष द्यावी हे त्याच्या स्वतःच्या हिताचे. पण दोघांनीही दिली, तर दोघांनी गप्प राहण्यापेक्षा दोघांचीही अवस्था वाईट. माझ्या टुल्लूचेच हे शास्त्रशुद्ध रूप म्हणावयास हरकत नाही. गंमत अशी, की हा खेळ प्रथम ज्या जोडीकडून खेळवून घेतला ते दोघेही सामान्य जन नव्हते. आर्मेन अल्चियन हे अर्थशास्त्रज्ञ आणि जॉन विल्यम्स हे गणितज्ञ. त्यांनी शंभर डाव खेळले. शुद्ध तर्काप्रमाणे त्यांनी शंभरही वेळा परस्परांना दगा द्यावयास हवा होता. प्रत्यक्षात साठ डावांत दोघांनीही एकमेकांस साथ दिली. तर्काचे नियम ठाऊक असलेल्यांनी तर्क मोडला आणि त्यात त्यांचा फायदाच झाला.

यावरून 'बुद्धिमान माणूस अखेर सहकार्याकडेच वळतो' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो इतक्यात आवरावा. १९८०च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने याच खेळाची संगणकावर स्पर्धा भरविली. पहिल्या खेपेस चौदा आणि दुसऱ्या खेपेस बासष्ट आज्ञावली आल्या. पाठविणारे त्या त्या विषयातले जाणकार. काही आज्ञावली कमालीच्या धूर्त होत्या. त्या प्रतिपक्षाची नाडी परीक्षून संधी सापडताच दगा देत. दोन्ही खेपांस जिंकली ती अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठविलेली सर्वांत छोटी आज्ञावली. तिचे वर्तन आपल्याकडे 'जशास तसे' या दोन शब्दांत सांगता येते. भेद एवढाच, की आपण तो शब्दप्रयोग बहुधा सूड घेताना करतो, आणि ही आज्ञावली आरंभ नेहमी विश्वासाने करीत असे. धूर्त आज्ञावली एकमेकींशी गाठ पडताच परस्परांना पोखरून बसल्या. इथे अतिशहाण्यांचे बरेच बैल एकाच गोठ्यात रिकामे उभे राहिलेले दिसतात.

मग विचार हाच सहकार्याचा शत्रू काय? काही वर्षांपूर्वी असे म्हणणाऱ्यांस चांगला आधार मिळाला होता. २०१२ साली डेव्हिड रँड व त्याच्या सहकाऱ्यांनी असे प्रयोग प्रसिद्ध केले, की जी माणसे झटकन निर्णय घेतात ती सामाईक निधीत अधिक रक्कम टाकतात आणि ज्यांना विचारास अवसर मिळतो ती हात आखडतात. माणूस स्वभावतः उदार असून विचार त्याला स्वार्थी करतो, हे मत ऐकावयास मधुर आहे. पण २०१७ साली एकवीस प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा घाईने निर्णय घ्यावयास लावलेल्या गटात तशी वाढीव उदारता एकंदरीत आढळली नाही. माझ्या पंपाचा दोष माझ्या विचारशक्तीवर ढकलून मला सुटता आले असते. ती वाटही या पडताळ्याने बंद झाली.

याहून मला अधिक बोलका वाटतो तो प्रोटो, रुस्तिकीनी व सोफियानोस या तिघांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास. त्यांनी लोकांची तर्कबुद्धीची चाचणी घेऊन दोन गट पाडले आणि प्रत्येक गटात हाच खेळ पुनःपुन्हा खेळवला. आरंभी दोन्ही गट सारखेच वागले. म्हणजे अधिक बुद्धीचे लोक अधिक सज्जन होते असे नव्हे. परंतु डाव वाढत गेले तसे त्यांचे परस्परसहकार्य वाढत जवळजवळ पूर्णत्वास पोचले, आणि दुसऱ्या गटात ते ओसरत गेले. आज दगा दिल्याने मिळणाऱ्या चार पैशांपेक्षा पुढे तुटणारा व्यवहार मोठा आहे, हे पहिल्या गटाला टिकून लक्षात ठेवता आले. बुद्धीने त्यांना दया दिली नाही. तिने त्यांना लांबचे दिसू दिले. आणि या अभ्यासाचा दुसरा भाग माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. खेळ पुढे चालू राहण्याची शक्यताच जेथे कमी ठेवली होती, तेथे बुद्धिमान गटाचे हे वैशिष्ट्य उरले नाही. लांबचे पाहणाऱ्याला पुढे काहीच नाही असे दिसले, की तोही हात आखडतो.

हे वाचताना मी थबकलो. पुढे काहीच नाही, ही आपणा बदलीवाल्यांची नित्याची स्थिती आहे. हे मासिक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आपले आयुष्य तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांनी कापले आहे. नव्या गावी पहिले वर्ष सामान लावण्यात जाते, दुसरे जरा बरे जाते आणि तिसऱ्या वर्षी आपण घराच्या भिंतीत नवा खिळाही ठोकीत नाही. गावची भाषा कामापुरती येते. ग्रंथालयाचे आजीव सभासदत्व आपण घेत नाही, आंब्याचे रोप लावीत नाही. प्रदेश परका आहे म्हणून आपण असे वागतो, अशी माझी समजूत होती. आता वाटते, कारण परकेपणाचे नसून मुदतीचे असावे. ज्याच्या खिशात मुदत संपल्याची तारीख आहे, त्याची बुद्धी जितकी तल्लख तितकी ती तारीख त्याला स्पष्ट दिसते. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या साध्या माणसाचा सहकार आणि आपला असहकार यांत नीतीपेक्षा पंचांगाचा भाग किती, हे ठरविणे सोपे नाही.

आतापर्यंत मी दोघांच्या व्यवहाराविषयी बोललो. चौघे बसून निर्णय घेतात तेव्हा प्रश्न बदलतो, कारण तेथे सहकार्य म्हणजे केवळ वाटा देणे नव्हे. 'पाचामुखी परमेश्वर' असे आपण म्हणतो. १७८५ साली फ्रान्समध्ये कोंदोर्से याने त्याचे गणितच मांडले: सभेतील प्रत्येकाचा निर्णय बरोबर येण्याची शक्यता निम्म्याहून थोडीही अधिक असली, तरी माणसे वाढतील तसा बहुमताचा निर्णय अधिकाधिक अचूक होत जातो. पण त्यात एक अट आहे. प्रत्येकाने आपले मत स्वतः बनविलेले असावे. पाची मुखांतून एकाच मुखाचा शब्द येऊ लागला, की परमेश्वराची संख्याही एकावर येते.

एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या किनाऱ्यावर सुमारे चौदाशे निर्वासित सैनिक उतरविले, आणि तीन दिवसांत त्या मोहिमेचा निकाल लागला. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या भोवती त्या काळचे अत्यंत बुद्धिमान समजले जाणारे लोक होते. त्यांतले इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांना ती योजना पसंत नव्हती. त्यांनी तसे लेखी कळविलेही होते. पण बैठकीत ते फारसे बोलले नाहीत, आणि त्या मौनाची खंत त्यांनी पुढे लिहून ठेवली. अर्व्हिंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली याच उदाहरणावरून दाखविले, की घट्ट जमलेल्या गटात एकोपा टिकविण्याची ओढ विचाराचा गळा कसा दाबते. हे लोक असहकारी नव्हते, अतिसहकारी होते. आपल्या नस्तीवरील 'सहमत' हा शेरा मी जन्मभर पाहिला आहे. खालून वर एकाखाली एक सहा 'सहमत' असावेत, आणि सहाव्याने विचारावे की पहिल्याचे म्हणणे काय होते!

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे आहे, आणि ते मला वारंवार आठवते. घटना समितीचे काम ९ डिसेंबर १९४६ ते २६ नोव्हेंबर १९४९ असे जवळजवळ तीन वर्षे चालले. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. मसुदा समितीच्या अध्यक्षाच्या जागी बसून ही संख्या मनात आणावी. डॉ. आंबेडकरांइतकी विद्वत्ता आणि कामाचा तो भार ज्याच्याकडे आहे, त्याला प्रत्येक दुरुस्ती म्हणजे अज्ञानाचा उपद्रव वाटणे स्वाभाविक होते. वादात ते तिखट बोलतही. पण २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात त्यांनी पक्षशिस्तीचे ऋण मान्य केले आणि लगेच शिस्त न मानणाऱ्यांचेही. कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, कुंझरू अशा सदस्यांची नावे घेऊन, हे बंडखोर नसते तर सभागृह होयबांचे झाले असते आणि घटनेतील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी आपणास मिळाली नसती, अशा आशयाचे ते बोलले. त्यांतल्या पुष्कळांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही, हेही त्यांनी लपविले नाही. ज्याचे म्हणणे आपण फेटाळले त्याच्याविषयी हे उद्गार आहेत. मला येथे बुद्धी आणि सहकार्य यांची खरी सांधेजोड दिसते. दुसऱ्याच्या विरोधाने आपला विचार पूर्ण होतो हे कळण्यास मोठी बुद्धी लागते, आणि ते उघड कबूल करण्यास बुद्धीपलीकडचे काही.

अलीकडील संशोधनही याच दिशेस बोट दाखविते. अनिता वूली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ६९९ माणसांना दोन ते पाच जणांच्या गटांत बसवून निरनिराळी कामे दिली. गटाच्या यशाचा संबंध त्यातील सर्वांत हुशार माणसाच्या हुशारीशी फारसा लागला नाही. सरासरी हुशारीशीही नाही. तो लागला तीन गोष्टींशी: समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचे मन ओळखण्याची शक्ती, बोलण्याची पाळी सर्वांना सारखी मिळणे, आणि गटातील स्त्रियांचे प्रमाण. आमच्या तिन्ही सभा यांतल्या प्रत्येक कसोटीस उतरल्या नाहीत. बोलणारे आम्ही चौघे. पाणी भरण्याचे काम घरोघर स्त्रिया करीत, आणि सभेला त्यांतली एकही नव्हती.

एक शंका मात्र येथे दूर केली पाहिजे. सहकार्य हा शब्द उच्चारला की आपण आपोआप सद्गुण गृहीत धरतो. लेखापरीक्षणात आयुष्य घालविलेल्या माणसाला ती चैन परवडत नाही. निविदा भरणाऱ्या ठेकेदारांची साखळी मी पाहिली आहे. यंदा काम कोणाचे, कोणी किती चढा दर भरावयाचा, पुढच्या वर्षी पाळी कोणाची, हे सारे ते इतक्या चोख विश्वासाने पाळतात की कोणत्याही सहकारी संस्थेने धडा घ्यावा. दरोडेखोरांतही वाटणी प्रामाणिक असते. तेव्हा सहकार्य कोणाशी, हा प्रश्न जितका महत्त्वाचा तितकाच ते कोणाला बाहेर ठेवून, हाही.

आमच्या पंपांचा निकाल कोणत्याही सभेत लागला नाही. तो लावला तिसऱ्या मजल्यावरील तमिळ लघुलेखकांनी. त्यांच्याकडे पंप नव्हता, घरी वृद्ध आई होती, आणि सभेत ते एकदाही बोलले नव्हते. त्या शहरात वीज अधूनमधून पहाटे जात असे. वीज गेली की सर्वांचे पंप एकदम बंद! एवढ्या विद्वानांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही, की आपण ज्याला अशक्य म्हणतो ते आठवड्यातून दोनदा आपोआप घडते. लघुलेखकांच्या पत्नीने तिन्ही जिन्यांतील बायकांना विश्वासात घेतले, आणि पंधरा दिवस प्रत्येक घरी किती बादल्या भरल्या ते टिपून ठेवले. मग त्यांच्या यजमानांनी ते सुबक टंकलिखित करून जिन्याच्या तोंडाशी डकवले. वीज असलेल्या सकाळी चोवीस घरांत मिळून ४१०च्या आसपास बादल्या. वीज नसलेल्या सकाळी ३९०च्या आसपास. फरक नावाचाच. मात्र पहिल्या दिवशी कोणाला तीस आणि कोणाला दोन. दुसऱ्या दिवशी खाली थोड्या अधिक, वर थोड्या कमी, पण कोरडे घर एकही नाही. कागदावर कोणाला दोष दिलेला नव्हता. खाली एकच ओळ होती: येत्या रविवारी सकाळी सर्वांनी आपापले पंप खाली अंगणात आणून ठेवावेत.

रविवारी अंगणात सतरा पंप आले. राहिलेले दोन संध्याकाळपर्यंत आले. पुढे वर्गणी काढून जमिनीखाली एक हौद बांधला, त्यावर एकच पंप आणि गच्चीवर टाकी. आणि पहाटे पंप चालू करण्याची पाळी रोज एका घराची. सांगण्यासारखी गोष्ट ही, की एकदा रीत बसल्यावर ती सर्वांत काटेकोर पाळली ती आम्हीच, पूर्वी जोराने वाद घालणाऱ्यांनी. पाळ्यांचे कोष्टक मी आखले, हौदाची पातळी मोजण्याची खूण अभियंत्यांनी केली, नियमावली कायदेपंडितांनी लिहिली. ती चारच ओळींची होती, याबद्दल त्यांना थोडे वाईटही वाटले असावे.

धुळे-नाशिककडील फड पद्धतीविषयी मी पुढे वाचले, तेव्हा मला आमच्या हौदाची आठवण झाली. पांझरा, मोसम या नद्यांवरील जुन्या बंधाऱ्यांखालची जमीन शेतकऱ्यांनी फडांत वाटून घेतली. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. अनेकांची जमीन एकाहून अधिक फडांत, त्यामुळे एका फडाचे पाणी तोडले तर तोडणाऱ्याचेही तुटते. पाणी पाटकऱ्याने द्यावयाचे, राखण जागल्याने करावयाची. पुढे वरच्या अंगास मोठी धरणे झाली आणि ही व्यवस्था पुष्कळ ठिकाणी मोडकळीस आली, पण ती काही शतके चालली होती. गॅरेट हार्डिन याने १९६८ साली असे प्रतिपादिले होते, की सामाईक कुरण माणसाच्या स्वार्थाने उजाड व्हावयाचेच. एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीने जगभरची अशी कुरणे, पाट आणि मासेमारीची पाणी पाहून १९९० साली त्याला उत्तर दिले, की माणसे एकमेकांना पाहू शकत असतील, बोलू शकत असतील आणि नियम त्यांनीच केले असतील, तर तसे होतेच असे नाही. तिला २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळविणारी ती पहिली स्त्री. आमच्या तमिळ गृहस्थांनी हे सारे एका टंकलिखित कागदात केले होते: प्रत्येकाला प्रत्येकाची बादली दाखविली.

१९८६च्या मार्चमध्ये माझा बदलीचा हुकूम आला. निघण्यास सुमारे चाळीस दिवस होते. म्हणजे पहाटेची पाळी आणखी दोनदा येणार होती. पहिली पाळी मी चुकविली. बांधाबांध चालू होती, रात्री उशीर झाला होता, आणि मी उठलो तेव्हा उजाडले होते. घाईने खिडकी उघडली तो खाली पंप चालूच होता. दुसऱ्या पाळीच्या वेळी मला जाग आली होती. मी अंथरुणात पडून राहिलो. मागच्या वेळी कोणीतरी लावला, आताही लावील, असा विचार माझ्या मनात अगदी स्पष्ट शब्दांत आला. थोड्या वेळाने पंपाचा आवाज ऐकू आला.

जाण्याच्या आदल्या दिवशी पाळ्यांची वही पुढच्या घराकडे सोपविण्यासाठी मी उघडली. त्या दोन्ही तारखांसमोर माझ्या घराचा क्रमांक होता, आणि त्यापुढे हजेरीची खूण. शाई निळी, वळण लघुलेखकांचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सामान उतरविण्यास मदत करण्यासाठी खाली आले. ट्रकवाल्याशी भाड्याची घासाघीस त्यांनीच केली. मी त्यांना वहीविषयी काही बोललो नाही, आणि त्यांनीही विषय काढला नाही. त्यांच्या आईने प्रवासासाठी लिंबाचा भात एका डब्यात दिला होता. तो डबा परत कसा पाठवावयाचा असे मी विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, डबा राहू द्या आपल्याकडे."